पहिली बास्केट पडेपर्यंत

एल्डन फोर्क, इंडियाना
रविवार, १४ फेब्रुवारी १९८८

चि. वेंडेल यास ओपलताईचे अ. उ. आ.

चर्चमधून येऊन अंगावरचा कोटसुद्धा न काढता लिहायला बसले आहे. काल ब्रॅनिगन कॉलेजनं आपल्या विटमरचा धुव्वा उडवला. एकाहत्तर-चव्वेचाळीस! सत्तावीस गुणांनी हरलो वेंडेल, आणि तेही आपल्या घरात, आपल्या जिममध्ये, आपल्याच बँडच्या नाकासमोर! परगावी हरलो असतो तर गप्प बसले असते. इथे तीन हजार माणसं पोरांसाठी घसा फोडत होती आणि पोरांनी भर गावात आमचं नाक कापलं.

सुरुवातच अशी झाली, काय सांगू! डेनीनं पहिला चेंडू मारला, तो रिंगवर तीनदा नाचला आणि बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा तर फळीलाही लागला नाही. आपल्याकडची रीत तू टूसॉनला जाऊन विसरला नसशील तर तुला ठाऊक आहे, की आपली पहिली बास्केट पडेपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. काल आठ मिनिटं अकरा सेकंद लागले! ब्रॅनिगनचे एकोणीस झाले तेव्हा आपले शून्य होते. दोन फ्री थ्रो मिळाले, तेही मेल्यांनी घालवले. टाळ्या वाजवून लोकांचे हात सुजले. बँडच्या ढोलवाल्याला घाम फुटला.

आणि तो टकल्या पंच! ब्रॅनिगनच्या त्या ताडमाडानं आमच्या डेनीच्या बरगडीत कोपर घातलं, चौदाव्या रांगेतून मला दिसलं, आणि हा चार हातांवर उभा असून याला दिसलं नाही. पन्नास वर्षं मी सामने बघते आहे. पन्नास वर्षांत एका पंचानं आपल्या बाजूनं चूक केली असेल तर शपथ. चुका करतात त्या नेमक्या आपल्याविरुद्ध. मी ओरडून त्याला माझा चष्मा देऊ केला. पुढच्या रांगेतली मिसेस झिग्लर वळून हसली.

रात्री रेडिओवर कोच प्रूइट म्हणाले की फरशीला नवं पॉलिश केलंय, त्यामुळे पोरांचे पाय घसरत होते. नाचता येईना अंगण वाकडं! ब्रॅनिगनची पोरं काय हवेत खेळत होती?

मार्लीस नेहमीप्रमाणे तिच्या बाबांच्या, हार्लनच्या सीटवर होती, विणकाम घेऊन. बाकी सगळं ठीक. आपली गोड शुगर क्रीम पाय केली होती, ती तशीच झाकून ठेवली आहे.

लोभ आहेच. हरलेल्यांवर जरा जास्त असू दे.

तुझी,
ओपलताई


टूसॉन, ॲरिझोना
गुरुवार, १८ फेब्रुवारी

ती. ओपलताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचताना मला तुझा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तुझ्या भावजयीनं, आयनेझनं, विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, विटमर गेलं.

पण ताई, मी तुझा धाकटा भाऊ आहे, तुझ्या थापा ओळखण्यात माझं बालपण गेलं. चार पानं लिहिलीस. त्यात डेनी आला, ढोलवाला आला, टकल्या पंच आला, फरशीचं पॉलिशसुद्धा आलं. लोक उभे होते हे आलं. तू उभी होतीस का, एवढंच आलं नाही!

थँक्सगिव्हिंगला माझ्यादेखत काय ठरलं ते तू विसरली असशील तर आठवण करून देतो. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. मार्लीस म्हणत होती, की आई, आता चौऱ्याहत्तर वर्षांची झालीस, चौदाव्या रांगेपर्यंत अठ्ठावीस पायऱ्या चढतेस, या वर्षी तिकिटं सोड आणि हिवाळ्यात मामाकडे ऊन खायला जा. तर तू टर्कीची तंगडी हातात धरून गर्जना केलीस, की ज्या दिवशी मी पहिल्या बास्केटच्या आधी खाली बसेन, त्या दिवशी सीटा सोडेन आणि मुकाट्यानं टूसॉनला येईन. पंच म्हणून मार्लीसला तूच नेमलंस. हात दाखवून अवलक्षण! मी तेव्हाच म्हणालो होतो, असली पैज लावू नये, बास्केटबॉलला दया नसते.

पुढच्या वर्षीच्या सीटांचा फॉर्म एक मार्चच्या आत द्यायचा असतो हे मला ठाऊक आहे. एकदा सोडल्या की त्या सीटा गेल्याच, यादीत दोनशे माणसं टपून आहेत, हेही ठाऊक आहे. म्हणून चिडवायचं थांबवून सरळ विचारतो. बसलीस का?

इथे मागची खोली रंगवून ठेवली आहे. खिडकीशी संत्र्याचं झाड आहे. तू आलीस तर मला आनंदच होईल, पण तो असा नको.

थोरलीनं धाकट्यावर ठेवायचा तेवढा लोभ ठेव, कान मात्र पिळू नकोस.

तुझा,
वेंडेल


एल्डन फोर्क
बुधवार, १७ फेब्रुवारी

ती. वेंडेलमामास मार्लीसचा सा. न. वि. वि.

थँक्सगिव्हिंगला तुमच्यासमोर पैज ठरली होती आणि मी पंच होते, म्हणून निकाल रीतसर कळवते. शनिवारच्या सामन्यात आई पहिली बास्केट पडेपर्यंत उभी होती. पूर्ण वेळ. आठ मिनिटं अकरा सेकंद. मी शेजारीच होते. मध्ये एकदा तिचा हातमोजा पडला तो शोधायला ती जरा वाकली होती, तेवढंच.

तेव्हा मागच्या खोलीला रंग देत असाल तर थांबा.

तुम्ही हसाल, पण मला ती आठ मिनिटं विसरता येत नाहीत. चार महिने मी आईचा हात धरून तिला वर नेत होते आणि शेजारी बसून मोजे विणत होते. कुठला संघ कुठल्या बाजूला टाकतो ते मला मध्यंतरानंतर कळत नसे. शनिवारी तिसऱ्या मिनिटाला मी विणकाम खाली ठेवलं. पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की किंचाळते आहे ती मीच. दवाखान्यात दिवसभर माणसांना शांत बसा, डॉक्टर येतील असं सांगणारी मी! त्या पंचाला मी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, कारण पाद्री लूमिस आमच्या मागच्याच रांगेत होते आणि एकदा ऐकलं तेवढं पुरे. शेवटी आपल्या ऱ्होड्सची बास्केट पडली तेव्हा सगळं जिम एकदम खाली बसलं. बाकं अशी वाजली की वाटलं छप्परच आलं. मी रडत होते मामा. एकोणीस-दोन असा स्कोअर, आणि मी आनंदानं रडत होते!

आई तीन दिवस खेळाचं पान न उघडताच पेपर घडी करून ठेवते आहे. हरल्यामुळे असेल. ती तुम्हाला काही वेडंवाकडं लिहील, तर पंचाचं म्हणणं धरावं.

मामींना नमस्कार. भाचीवरचा लोभ उन्हात वाळू देऊ नका.

आपली,
मार्लीस


एल्डन फोर्क
सोमवार, २२ फेब्रुवारी

चि. वेंडेल यास अ. उ. आ.

बसले.

पहिलं पत्र लिहिताना ते लिहिण्याचा धीर झाला नाही, म्हणून पंचाच्या टकलावर पान घालवलं. तू पकडलंस ते बरं झालं.

सहा मिनिटं झाली होती. गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी मनात म्हटलं, ओपल, आता हा चेंडू पडेल. तो नाही पडला. मग म्हटलं, हा पडेल. ऱ्होड्स अगदी रिंगखाली एकटा होता रे, आपली आयनेझ पण टाकेल अशी बास्केट, आणि त्यानं ती चुकवली. मी खाली बसले. अर्धं मिनिट असेल, मिनिट असेल. सगळे उभे, सगळ्यांचे डोळे चेंडूवर, कोणाच्या लक्षात आलं नाही. मार्लीसच्या आलं.

तिनं एकदा खाली माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं झालं, संपलं, आता ही म्हणणार, बघ. पण नाही. कोटाची बटणं सोडून माझ्यापुढे आडवी उभी राहिली, कोंबडी पिलांपुढे राहते तशी, आणि दुप्पट जोरानं टाळ्या वाजवायला लागली. पाद्री लूमिसनी मागून वाकून विचारलं, ओपलला बरं नाही का? माझ्या मुलीनं पाद्रीसाहेबांच्या तोंडावर सांगितलं, की आईचा हातमोजा पडलाय, शोधतेय. तिच्या कोटाला धरून मी पुन्हा उठले आणि पुढचं दीड मिनिट उभी राहिले. पण मधे बसले ते बसलेच.

हार्लन आणि मी एकोणीसशे अडतीसपासून त्या सीटांवर बसलो. लग्नाआधीपासून. तो गेला त्या हिवाळ्यात मी घरात जेवत नव्हते, पण सामन्याला जात होते. तिथे त्याच्या बाजूला बसल्यासारखं वाटायचं. ते सुटणार याचं फार वाईट वाटतं, तुझ्यापासून काय लपवू! पण शब्द म्हणजे शब्द. आपल्या बाबांनी आपल्याला तेवढंच दिलं.

फॉर्म यासोबत पाठवते आहे. भरलाय, सहीसुद्धा केली होती शनिवारच्या आधीच. मला तो फाडता येत नाही. तीनदा हातात घेतला. तू फाड, आणि संत्री किती लागलीत ते कळव.

माझ्यावरचा लोभ शिल्लक असेल तर राहू दे.

तुझी,
ताई


टूसॉन
गुरुवार, २५ फेब्रुवारी
एक्स्प्रेसनं

ती. ओपलताईस सा. न. वि. वि.

तुझं आणि मार्लीसचं अशी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी दोनदा वाचली. मग आयनेझला वाचून दाखवली. ती आधी हसली आणि मग गॅसवरचं जेवण करपलं तरी उठली नाही.

तू लिहितेस बसले. मार्लीस लिहिते उभी होती. आता मला सांग, पंच कोण होतं? तूच नेमलीस ना? मग पंचाचा निर्णय अंतिम! पंचाला दिसलं नसेल, पंचाच्या कोटाआड झालं असेल, पंच धडधडीत खोटं बोलत असेल, आपल्याला काय त्याचं? पन्नास वर्षं तू बोंब मारते आहेस की एकही पंच कधी आपल्या बाजूनं चुकला नाही. अगं, हा चुकला की! पहिल्यांदा! आणि तू त्याच्याशीच भांडतेस?

शिवाय पैज होती तुझी आणि मार्लीसची. समोरचाच म्हणतोय मी हरलो, तर तू जबरदस्तीनं कशी हरणार?

फॉर्म फाडला नाही. परत पाठवतोय. एकच बदल केलाय. हार्लनभावजींच्या सीटपुढे तू दर वर्षी तुझंच नाव लिहितेस, ते खोडून मार्लीसचं लिहिलंय. तिला विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. सोमवारी एकोणतीस तारीख आहे, या वर्षी देवानं फेब्रुवारीला एक दिवस जास्त दिलाय तो कशाला असं तुला वाटतं? पोस्टावर विसंबू नकोस, स्वतः जाऊन दे.

सोबत लोकरीचे हातमोजे आहेत. मोठे आणि लाल आहेत, पटकन पडतील असे. रंगवलेल्या खोलीत एप्रिलमध्ये ये. तेव्हा सामने नसतात.

लोभाचं मी काय सांगू? तो काही फॉर्म भरून दर वर्षी मागावा लागत नाही.

तुझा,
वेंडेल


एल्डन फोर्क
रविवार, ६ मार्च

चि. वेंडेल यास अ. उ. आ.

फॉर्म सोमवारी सकाळी दिला, पावणेनऊलाच जाऊन उभी राहिले होते. खिडकी नऊला उघडते. मार्लीस सोबत होती. आपलं नाव बघून तिनं कारकुनाला स्पेलिंग नीट आहे ना म्हणून दोनदा विचारलं.

काल शेवटचा घरचा सामना झाला. हरलो! अठ्ठावन्न-सत्तावन्न. एका गुणानं! शेवटच्या चार सेकंदांत डेनीचा चेंडू रिंगमध्ये गेला, अर्धा आत गेला वेंडेल, मी डोळ्यांनी पाहिला, आणि सैतानानं तो बाहेर ओढला. मी तुला सांगते, सत्तावीसनं हरलो तेव्हा एवढी ओरडले नव्हते. माझा आवाज आज बसलाय, पाद्री लूमिसनी प्रार्थनेत मला नुसते ओठ हलवायला सांगितले. पण पोरं जिवाच्या आकांतानं खेळली. फरशी तीच, पॉलिश तेच!

पायऱ्या उतरताना मार्लीस लाल झाली होती. म्हणाली, ऱ्होड्स आहे, डेनी आहे, हायस्कुलातला तो उंच पोरगा येतोय, पुढच्या वर्षी बघून घेऊ यांना. मी जिन्यातच थांबले. नोव्हेंबरात हीच मला म्हणत होती, आई, तुला आता पुढच्या वर्षाचं काय करायचंय?

एक सांगायचं राहिलं. काल पहिली बास्केट पडायला पुन्हा अडीच मिनिटं लागली. दोन मिनिटं झाली तेव्हा गुडघा बोलायला लागला, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मार्लीसनं चेंडूवरची नजर न काढता माझ्या हातातला लाल मोजा ओढला आणि खाली टाकला. म्हणाली, आई, मोजा पडला बघ तुझा, सावकाश शोध, मी उभी आहे.

मी सावकाश शोधला.

तुझी,
ओपलताई