गायरानातली खुंटी

धाड, मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७१

१. मातीची धूप मोजायला आषाढात गायरानात जमिनीच्या पातळीपर्यंत ठोकलेली खुंटी आज चार बोटं उघडी दिसली.
२. सरपंचांनी परस्पर दिलेल्या परवानगीने कत्तलीचे बैल बाजाराआधी आठ-आठ दिवस तिथेच चरतात.
३. मृदसंधारण खात्याची कर्मचारी म्हणून हे मी ग्रामसभेत सांगितलं.

सरपंच हसले. "बाई, बैल कापाच्या धर्माचं बोल, सभेत मतं भेटतीन. मातीले कोन इचारते?"

मला धर्माचं बोलायचंच नव्हतं. गवत गेलं की माती जाते, एवढंच. आता बदली होईल?

पण बैलांचे व्यापारी करीमचाचाच उठले. "पोरगी बराबर सांगून राह्यली. म्या सोता खुंटीले बोटं लावून मोजलं. गवतच नाही उरलं तं बैल कुठं ठेवू?"

खुंटीला बोटं लावणारी मी एकटी नाही.

लगेच सरपंचांना लिहिलं: चराई कधी थांबवणार, सोमवारपर्यंत लेखी कळवावे.