बाळाच्या पाण्याचं सरपण

२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
निर्णय झाला. केतकी बाळंतपणाला माहेरी येतेय. डॉक्टरांनी २० डिसेंबर सांगितलीय. बाळाच्या आणि बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी गिझरचं नसेल, तांब्याच्या बंबातलं असेल. आणि बंब पेटेल तो मी स्वतःच्या हाताने फोडलेल्या लाकडांवर.
कारण लिहून ठेवतो. केतकी झाली तेव्हा मी कंपनीच्या टूरवर होतो. आलो तोपर्यंत ती सव्वा महिन्याची झाली होती आणि माझ्याकडे बघून रडली. टूर टाळता आला असता असं मंगलाचं मत गेली एकतीस वर्षं कायम आहे. मी वाद घालत नाही. या वेळी काम करून दाखवणार.
मंगलाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, बंबात कांदे ठेवलेत. हा मुद्दा टेक्निकल नाही.

४ नोव्हेंबर
प्रोसेस शीट तयार. रोज शंभर घाव, रोज आठ किलो सरपण, डिसेंबरच्या पंधरा तारखेला स्टॉक पूर्ण. चौतीस वर्षं प्लॅनिंगमध्ये काढली. आमच्याकडे दोन-दोनशे टनांचा माल वेळेवर गेटबाहेर पडायचा, त्यापुढे सरपण ते काय. बंबाचं मोजमाप घेतलं आणि ड्रॉइंग काढलं. प्रत्येक तुकडा नऊ इंच लांब, सहा इंच जाड. ड्रॉइंग फ्रिजवर लावलं.
शेजारचा जितेंद्र डोकावला. म्हणाला, भाऊजी, वखारीच्या टालावर फोडलेली लकडी मिळते, घरपोच टाकून जातात. मी नुसता हसलो. आमच्या आनंद नगरमध्ये माझ्या वयाचा एकही माणूस स्वतः लाकूड फोडत नाही, म्हणून तर सगळ्यांची पोटं सुटलीयेत.

८ नोव्हेंबर
शहराबाहेर, करोंदच्या पुढे एका वखारीत गेलो. इंटरनेटवर अभ्यास करून गेलो होतो. वखारवाला बाभूळ दाखवत होता, पण माझी नजर कोपऱ्यात गेली. चिंचेचा ओंडका. घनता जास्त, उष्णता जास्त. शिवाय पंधरा दिवसांपूर्वीच पाडलेला, सालीला अजून ओल होती. म्हणजे ताजा माल.
वखारवाल्याने विचारलं, दुकान कुठे आहे तुमचं? मी सांगितलं, रिटायर्ड आहे. मग म्हणाला, कमरेइतका उंच कापून देऊ का, वरून एकदम सपाट करून? मी म्हणालो, कापायचं काम माझं. मालाची पारख असलेला माणूस यांना व्यापारीच वाटतो.
टेंपोतून ओंडका उतरवायला चार माणसं लागली. मंगला दारात उभी होती. तिने विचारलं, हा बाळाच्या वजनाचा अंदाज आहे का?

९ नोव्हेंबर
जवाहर चौकातून हत्यारं आणली. कुऱ्हाड, घण, लोखंडी पाचरी दोन, कानस, आणि दोन माणसांनी ओढायची करवत. दुपारभर कानशीने कुऱ्हाडीला धार लावली. इतकी बारीक की हातावरचे केस उडाले. मंगलाला प्रात्यक्षिक दाखवलं. ती म्हणाली, मग उद्यापासून दाढीही हिनेच करा.
उद्या शुभारंभ.

१० नोव्हेंबर
अमावस्या जवळ आहे की काय कोण जाणे. उत्साह नाही. उद्या.

१२ नोव्हेंबर, दुपारी १
शुभारंभ झाला. पहिला घाव बरोबर मध्यभागी. कुऱ्हाड चार बोटं आत गेली. बाहेर आली नाही. हलवली, ओढली, ओंडक्यावर पाय देऊन ओढली. मग एक पाचर ठोकली. ती पण आत गेली आणि तिथेच राहिली. दुसरी पाचर पहिलीला काढण्यासाठी ठोकली.
आजचं उत्पादन : एक घाव. हत्यारं अडकलेली : तीन. ट्रायल रन म्हणून ठीक आहे.

१३ नोव्हेंबर
जितेंद्रने हत्यारं काढून दिली. त्याने तेल ओतलं आणि बाजूने घण मारला. मलाही तेच सुचणार होतं.

१५ नोव्हेंबर
केतकी आली. जावई मंदार पुण्याहून सोडायला आला होता. अंगणात ओंडका बघून म्हणाला, बाबा, बसायला मस्त आहे. पोरगं सॉफ्टवेअरमध्ये आहे, चालायचंच.
केतकीचे पाय सुजलेत. तिने हाक मारली, बाबा, थोडं बसा ना माझ्यापाशी. मी म्हणालो, शेड्यूल तीन दिवस मागे आहे, संध्याकाळी बसतो. संध्याकाळी ती झोपली होती.

१८ नोव्हेंबर
नवी पद्धत. आधी करवतीने ओंडक्याच्या चकत्या करायच्या, मग त्या फोडायच्या. करवतीचं एक टोक मी धरलं, दुसरं मंगलाने. तिला तत्त्व समजावलं : ही करवत फक्त ओढायची असते, ढकलायची नसते. आपण ओढायचं आणि समोरच्याला ओढू द्यायचं. तिने लगेच पकडलं. मी मात्र सवयीने ढकलत होतो, त्यामुळे पातं वाकायचं आणि अडकायचं. मंगला म्हणाली, लग्नाला चौतीस वर्षं झाली, तुम्ही अजून ढकलताच आहात.
मी तिच्या पवित्र्यात दोन सुधारणा सुचवल्या. तिने करवत खाली ठेवली आणि वाल सोलायला गेली.
आजची चीर : दीड इंच. प्रगती आहे.

२३ नोव्हेंबर
कंबर धरलीय. पाच दिवस सक्तीची विश्रांती. वेळ वाया घालवला नाही. एका परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहिले. तो एका हाताने कुऱ्हाड मारतो आणि लाकडाचे दोन सरळ तुकडे होतात. दुसऱ्या हातात कॉफी असते. सगळा खेळ मनगटाचा आहे.

२७ नोव्हेंबर
सुधारित टार्गेट. रोज शंभर घाव नाहीत, वीस घाव, पण दर्जेदार.
आज सात मारले. वारा उलटा होता.

३ डिसेंबर
जितेंद्र चहाला आला. ओंडक्याकडे बघत विचारलं, भाऊजी, ही इमली तर नाही? हो म्हणालो. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, खाटकाच्या दुकानात मटण तोडायचा जो ठोकळा असतो ना, तो इमलीचाच असतो. दिवसाला हजार घाव पडतात, वीस-वीस वर्षं. फाटतच नाही, म्हणूनच तर घेतात.
मी त्याला सांगितलं, हा डेटा अपुरा आहे.
तो गेल्यावर वखारवाल्याच्या प्रश्नाचा अर्थ लागला. सपाट करून देऊ का, असं तो का म्हणाला तेही कळलं. घरात कोणाला सांगितलं नाही. आम्ही कांदालसूणसुद्धा चातुर्मासात सोडणारी माणसं.
माघार नाही. इतक्या कडक लाकडाचा जाळ कसा असेल याचा विचार करावा.

१० डिसेंबर
अकरा तुकडे तयार. अकराच्या अकरा नऊ इंच लांब, सहा इंच जाड. पट्टीने तपासले, एकही रिजेक्ट नाही. ओंडका बाहेरून होता तेवढाच दिसतो, पण ते असो.
कांदे काढून बंब घासला. पहिला तुकडा टाकायला गेलो. जाईना. बंबाची आतली नळी साडेचार इंचांची निघाली. मी माप बाहेरून घेतलं होतं.
ड्रॉइंगवर तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तीन सह्या आहेत. तिन्ही माझ्याच. फ्रिजवरून ड्रॉइंग काढलं.

१४ डिसेंबर
अकरा तुकडे पुन्हा फोडायचे. दोन फोडले. तिसऱ्याला कुऱ्हाडीचा दांडा तुटला. दांडा बाभळीचा होता, लाकूड चिंचेचं. म्हणजे माझी निवड बरोबर होती.

१७ डिसेंबर, रात्री
मुलगी झाली. दुपारी १२.२० ला. अडीच किलो. दोघी ठीक आहेत.
सकाळी दहा वाजता मी नवा दांडा बसवून घ्यायला सुताराकडे गेलो. फोन घरी चार्जिंगला होता. तारीख वीस होती, सतरा नव्हती. केतकीला एकदम त्रास सुरू झाला आणि जितेंद्रने गाडी काढून तिला नेलं. मी दोन वाजता पोचलो, हातात दांडा होता. नर्सने तो बाहेर ठेवायला लावला.
मंगलाने घड्याळाकडे बघितलं आणि थर्मास घेऊन चहा आणायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
बाळ झोपलेलं होतं. आता पाण्याच्या बाबतीत काहीही कमी पडता कामा नये.

२२ डिसेंबर
मालिशवाली सुमनबाई आजपासून येऊ लागली. पासष्टच्या आसपास वय, काटकुळी. मी अंगणात घाव घालत होतो. ती पदर खोचून दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, बाबूजी, लकडी को बीच में नहीं मारते, किनारे से खोलते हैं. मग कुऱ्हाड मागितली. ओंडक्याभोवती एक चक्कर मारली, बोटाने एक बारीक भेग शोधली आणि कडेकडेने ढलप्या काढत गेली. जोर दिसतच नव्हता. वीस मिनिटांत टोपलं भरलं. मग हात धुऊन बाळाला तेल लावायला आत गेली.
माझ्या आधीच्या दीडशे घावांनी ओंडका खिळखिळा झाला होता, हे तिला माहीत नसणार. सांगून तिचं मन मोडलं नाही.

२४ डिसेंबर
ऐतिहासिक दिवस. सकाळी सहाला बंब पेटवला. म्हणजे सहाला सुरुवात केली, पेटला पावणेआठला. धूर जरा झाला. लाकडात अजून ओल आहे. समोरच्या घरातून आग लागली का म्हणून फोन आला. मंगलाने खिडक्या लावून घेतल्या. बाळ शिंकत होतं, ते थंडीने.
साडेदहाला पाणी तापलं. मंगला म्हणाली, तुम्ही दमलात, बसा, आम्ही नेतो. दोन बादल्या आत गेल्या. वारं लागू नये म्हणून न्हाणीचं दार लावतात, पुरुषांनी थांबायचं नसतं. बाहेरून पाण्याचा आवाज ऐकला. डोळे भरून आले. धुराने नाही. माझ्या नातीची पहिली बंबाच्या पाण्याची अंघोळ.

२८ डिसेंबर
बारसं. नाव जुई. मंदारच्या आईला लाकूड, बंब, चिंचेचं महत्त्व, सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, आजोबा असावेत तर असे. मंगला मध्येच उठून पेढे आणायला गेली. पेढे समोरच होते.

३ जानेवारी
जुईच्या कांतीला काय तेज आलंय. गिझरच्या पाण्याने हे होत नाही. कोणी येवो, मी हेच सांगतो.
दोन निरीक्षणं. एक, सुमनबाई वाफाळत्या पाण्याने व्हरांडा पुसत होती. उधळपट्टीबद्दल बोललो तर मंगला म्हणाली, उरलेलं आहे. दोन, गिझरचा लाल दिवा चालू दिसला. केतकीला म्हणालो, विसरलीस वाटतं. तिने आईकडे पाहिलं. बाळंतपणात विसराळूपणा येतोच.
ओंडका अजून निम्मा आहे. सव्वा महिना आरामात निघेल.

९ जानेवारी, सकाळी ८
आजवरचा सर्वोत्तम परफॉर्मन्स. बंब एका काडीत पेटला. आठच्या ठोक्याला दोन बादल्या कढत पाणी तयार. धूर जवळपास नाही. पहाटे सहापासून लाइट गेलीय, पण ज्याच्याकडे बंब आहे त्याला काय त्याचं.

९ जानेवारी, दुपारी
लिहू की नको असं झालंय.
नऊ वाजले तरी बादल्या न्यायला कोणी येईना. मी आत गेलो. सुमनबाईने मालिश केली होती, जुई दुपट्यात गुंडाळलेली, तेलाने चमकत होती. मंगला म्हणाली, आज बाळाची अंघोळ राहू दे, लाइट नाहीये. मी म्हणालो, दिवसाउजेडी लाइट कशाला हवी? केतकी जुईचं दुपटं नीट करत बसली. ते नीटच होतं. शेवटी सुमनबाई म्हणाली, गीजर नहीं चलेगा ना, बाबूजी.
मग सगळं कळलं. पहिल्याच दिवशी पाण्याला धुराचा वास होता, वर काजळी तरंगत होती, जुईचे डोळे लाल झाले होते. तेव्हापासून ती गिझरच्याच पाण्याने न्हातेय. सोळा दिवस. माझ्या पाण्याने दुपटी धुतली, व्हरांडा पुसला. मागच्या दाराने जितेंद्रही रोज एक बादली न्यायचा, त्याच्या कुत्र्यासाठी. त्याला सगळं माहीत होतं.
मंगला म्हणाली, तुमच्या हाताला फोड आले होते हो, कसं सांगणार. केतकी म्हणाली, बाबा, कपडे मात्र खरंच छान निघायचे.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अंगणात जाऊन ओंडक्यावर बसलो. मंदार म्हणाला होता त्यात तथ्य आहे, बसायला चांगला आहे.
आजचं पाणी स्वच्छ होतं, आठ वाजता तयार होतं, हे नोंदवून ठेवतो. अकरापर्यंत ते गार झालं.
१२.४० ला लाइट आली. गिझरचं बटण मीच दाबलं.