बदललेलं इंजिन

बाबा,

गेल्या रविवारी आई पहिल्यांदा तुमचा ट्रॅक्टर बघायला आली. तुम्ही असताना ती कधी त्या शेडकडे फिरकली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. साडीवर माझा जाड कोट, पायांत शेजारणीचे रबरी वेलिंग्टन बूट, मांडीवर पोळीभाजीचा डबा. साउथहॅम्प्टनमधून निघाल्यापासून ती गाडीच्या खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, रागावलीय. आता वाटतं, तिला धास्ती वाटत असावी.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षं तो ताडपत्रीखाली तसाच उभा होता. ज्या शेतकरीणबाईंची ती शेड, त्यांनी कधी "घेऊन जा" म्हटलं नाही. मुलं युनिव्हर्सिटीला गेली, घर रिकामं झालं, आणि एके दिवशी मी पोर्टमधल्या ऑफिसातून परस्पर तिकडे गाडी वळवली. ताडपत्री ओढली. टायर बसले होते, सीटखाली उंदरांनी घर केलं होतं. पण रंग तुमचाच होता, तो राखाडी, ज्याच्यासाठी तुम्ही आठ-आठ दिवस डबे ढवळत बसायचात.

तुमची आठवण आली की मला शेडपेक्षा आपलं किचनच आधी दिसतं. तुम्ही हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलाय, शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि आईच्या पोह्यांच्या कढईत रॉकेल ओतून इंजिनाचे सुटे भाग धुताय. आई दारात उभी आहे. "अहो, उद्या मी पोहे कशात करू?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "नवी कढई आण."  रात्री भांडी घासताना ती मला म्हणते, "आठवडाभर पेशंट, रविवारी ते लोखंड. माझ्या वाटेला काय?"  मी तेव्हा तुमच्या बाजूची होते.

तुम्ही घेतलात तेव्हा तो ट्रॅक्टर कुणालाच नको होता, कारण थंडीत आतलं पाणी गोठून इंजिनाच्या ब्लॉकला लांबलचक भेग पडली होती. वेल्डिंग करणार नाही म्हणालात. भेगेवर बारीक भोकं पाडायची, त्यात आटे असलेल्या खिळ्या पिळून बसवायच्या, एकीला खेटून दुसरी, जखम शिवावी तशी. सबंध हिवाळ्यातले रविवार त्यात गेले. मग तो चालू झाला, आणि तुम्ही मला तो आवाज ऐकायला मुद्दाम घेऊन गेलात. मी सोळा वर्षांची. तुमची पाठ वळल्यावर सीटवर चढले आणि गिअरच्या दांड्याला हात घातला.

"उतर खाली. खेळणं आहे का ते?"

मी उतरले. नंतर जुन्या ट्रॅक्टरांच्या कुठल्याशा शोमध्ये आपण ओढण्याची शर्यत बघितली. ट्रॅक्टरमागे लोखंडी स्लेज, म्हणजे जमिनीवरून घासत जाणारी गाडी, जोडतात आणि तो जसजसा पुढे जाईल तसतसं स्लेजवरचं वजन सरकत पुढे येतं, म्हणजे ओझं वाढतच जातं, शेवटी चाकं जागच्या जागी फिरेपर्यंत. तुम्ही तोंड फिरवलंत. "म्हाताऱ्या बैलाला जुंपतात हे लोक," म्हणालात. मी मात्र डोळे फाडून बघत होते. घरी येताना तेच डोक्यात होतं, पण तुम्हाला सांगितलं नाही.

तर बाबा, मला ओढायचं होतं. ट्रॅक्टरवाल्यांच्या क्लबमधल्या एका जुन्या मेकॅनिकने तुमच्या भेगेवरून अंगठा फिरवला. "ब्यूटिफुल जॉब, लव्ह," तो म्हणाला. "पण शोपुरतंच. जोर लावलास तर पहिल्याच दिवशी उघडेल." तसाच ठेवता आला असता. पुसूनबिसून तुमच्यासारखा रांगेत उभा करता आला असता, लोकांनी कौतुक केलं असतं. मी थोडे दिवस विचार केल्यासारखं दाखवलं आणि मग त्याला म्हटलं, बदलू या. दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं. तुमचं भंगारच्या लॉरीत गेलं. शेडमध्ये जागा होती, बाईंनी ठेवूनही घेतलं असतं. मलाच ते डोळ्यांसमोर नको होतं.

रविवारी शर्यतीच्या मैदानावर आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. बॉनेटवर तळहात ठेवला. मग म्हणाली, "इंजिन त्यांचंच आहे ना गं? त्यांनी शिवलेलं?"

मेकॅनिक शेजारीच उभा होता. त्याला मराठी कळत नाही, तो नुसता हसला. मी ग्लव्हज चढवत म्हटलं, "हो, त्यांचंच."

आमच्या गटात मी दुसरी आले. इतकं लांब मी आधी कधी ओढलं नव्हतं. परत आले तर आई खुर्चीवर बसून डोळे पुसत होती. मी म्हटलं, थंडी वाजतेय का? ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या वाटचे सगळे रविवार त्यांनी नेऊन मातीत घातले. मी त्यांना फार बोलले. शेवटी हॉस्पिटलमध्ये पडून होते तेव्हासुद्धा बोलले, त्या ट्रॅक्टरवरूनच. पण काम पक्कं होतं गं त्यांचं. केवढं ओढलं त्याने." मग तिने डबा उघडला आणि त्या मेकॅनिकलाही पोळीचा रोल करून दिला. तिला इतकं मोकळं बोलताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

काल तिचा फोन आला. तुमचा फोटो तिने बेडरूममधून पुढच्या खोलीत आणलाय. शेजारी लावायला ट्रॅक्टरचा फोटो हवाय, "इंजिन नीट दिसेल असा काढ." मी बरं म्हटलं. खरं सांगितलं तर तिचा तुमच्यावरचा राग परत येईल, आणि या वयात तो घेऊन ती कुठे जाणार? हे मी स्वतःला समजावते. पण तिच्यासाठी खोटं बोलले, असंही नाही. तोंडातून "हो" गेलं तेव्हा यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. फक्त तिने मला बोल लावू नये, एवढंच होतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. स्लेज जड होत गेली, पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली, सगळं अंग थरथरत होतं. त्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर होतात असं लिहावं, असं फार वाटतं. पण तुमची आठवणसुद्धा आली नाही, बाबा. मी एकटीच होते आणि मोठमोठ्याने हसत होते.