जंबोच बसवा!

५ जानेवारी, रविवार, लातूर
गिटार नीट न वाजण्याचं कारण अखेर सापडलं. मी नव्हे. दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजलेत. सोळा वर्षं लोकांनी उगीच मला दोष दिला.
९ फेब्रुवारीला नांदेडला कॉलेजच्या बॅचचा मेळावा. श्रीशैलचा जुना बँड पुन्हा वाजणार. त्यानेच मला ऐन गॅदरिंगच्या आदल्या दिवशी काढलं होतं. या वेळी माणूस कमी पडला म्हणून बोलावलंय. त्याला दाखवतोच.

८ जानेवारी, दुपार, अडत दुकान
नव्या तुरीची आवक जोरात. शेतकरी ताटकळत ठेवून फ्रेटच्या तारेचा अभ्यास केला. मीडियम की जाड, उंच जंबो? इंटरनेटवर लोक अर्ध्या मिलिमीटरवरून भांडतात. व्यवहार ठाऊक नाही बिचाऱ्यांना. तीन पिढ्यांची अडत आहे आमची. दाणा टपोरा तेवढा भाव. जंबो फायनल.

१२ जानेवारी, उदगीर
पेट्या आणि गिटारी दुरुस्त करणाऱ्या मलप्पांकडे गेलो. आधी वाजवून दाखवा म्हणाले. दोन मिनिटांत थांबवलं. भारावले असावेत. मालक, तुमचा हात लई जड हाय, उंच फ्रेटवर तार एवढी दाबली की सूर वर चढतो, मीडियमच घ्या, म्हणे. जंबोच बसवा, असं ठणकावलं. त्यांनी हात जोडले. कारागिरांना कलावंताची कदर असते.

२५ जानेवारी
गिटार आली. काय चमकते! सगळे सूर जरासे वर लागतात. नवीन आहे, बसेल. मंजुषाने भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या. बायकोला थंडी फार.

२ फेब्रुवारी
संकल्प: रोज दोन तास, हलक्या हाताने रियाज.

३ फेब्रुवारी
मार्केट यार्डात गर्दी. रियाज नाही.

४ फेब्रुवारी
रियाज. दहा मिनिटं. हात हलका झाला.

९ फेब्रुवारी, नांदेड
जिंकलो! पहिल्या गाण्याला पब्लिक जरा चुळबुळलं. दुसऱ्यापासून नुसत्या टाळ्या. ड्रमच्या दणक्यात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, पण सूर पक्के लागत होते, बोटांना कळतं. मलप्पांना फोन करून सुनावलं. हाव हाव म्हणाले.

१० फेब्रुवारी
मंजुषाने काढलेला व्हिडिओ पाहिला. पहिल्या गाण्यानंतर श्रीशैल साउंडवाल्याला खूण करतो. तो एक बटण खाली ओढतो. पुढची सात गाणी मी डोळे मिटून, मान हलवत वाजवतोय आणि गिटारचा आवाज कुठेच नाही.
फार वाईट वाटलं. जेवलो नाही. मंजुषाला विचारलं, तुला तिथंच कळलं होतं का. कळलं म्हणूनच दुसऱ्या गाण्यापासून निवांत बसले, म्हणाली.
संध्याकाळी श्रीशैलचा फोन. वाटलं, माफी मागेल. नायगावला प्रोग्राम ठरून राहिलाय, तुला यावंच लागतंय, तुझ्यामुळं स्टेज कसं भरल्यासारखं दिसतंय, म्हणाला. गिटारची केबल तेवढी आणू नको, म्हणे.
हो म्हटलं.