अक्षर थांबेल तिथे

४ नोव्हेंबर

आज धाकट्याच्या घरी राहायला आलो. तो जाऊन दोन महिने झाले. भावजय म्हणाली, भाऊजी, खोलीतलं ते यंत्र एकतर चालू करा, नाहीतर भंगारात घाला; मला त्याच्याकडे बघवत नाही. उतारवयात मला संगणकाचा नाद लावला तो त्यानेच, तेव्हा हे काम माझ्याच वाट्याचं.

खोली मोठी प्रसन्न. खिडकीपाशी टेबल, समोर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. धाकटा बारा वर्षं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता. बटण दाबल्यावर संगणकाला जागं करून कामाला लावते ती. बाजारात हवी तेवढी मिळते, पण याला घरची हवी होती. ती एकदाही पुरती उठली नाही. मी उठवीन म्हणतो.

लहानपणी एका पांघरुणात आम्ही गुरुजींची कविता म्हणायचो. गुरुजींनीच रचलेली, कुठल्या पुस्तकात नाही. ‘सांजवाऱ्या, हळूच ये रे, पाऊल नको वाजवू.’ पाच कडवी. तो मध्येच अडायचा आणि कुजबुजायचा, दादा, पुढचं सांग ना. वर्गातले सगळे गेले. आता ती फक्त माझ्याकडे आहे.

७ नोव्हेंबर

बटण दाबलं की काळा पडदा, क्षणभर थांबणं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याच्या वहीत उपाय आहे: प्रत्येक पायरीला पडद्यावर एक अक्षर छापायचं, अक्षर थांबेल तिथे बिघाड. अक्षरंही त्याने ठिपका ठिपका जोडून स्वतः काढलेली. ख चं पोट फुगलेलं. त्यावरून गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या गड्याने.

दिवसभर क, ख, ग. पुन्हा क, ख, ग. भावजय डोकावून म्हणाली, या वयात मुळाक्षरं गिरवायला बसलात का?

१० नोव्हेंबर

चूक माझीच. तीन दिवस दुरुस्त्या करत होतो, पण आधी यंत्राच्या भाषेत बांधून ठेवलेले तुकडे पुसतच नव्हतो. दर वेळी तेच जुनं जोडलं जात होतं. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मात्र वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, ‘जुने तुकडे पुसू नकोस. मग यंत्र हवे ते तुकडे दुसरीकडून घेतं.’ आजारपणातलं लिहिणं, दुसरं काय. पुसले, नव्याने बांधलं.

घ उमटला. आणि त्याखाली गुरुजींच्या कवितेचं पहिलं कडवं. लबाडाने आत दडवून ठेवलं होतं तर. किती दिवसांनी मोठ्याने हसलो.

१२ नोव्हेंबर

आज दुसरं कडवं. सगळ्या फायली चाळल्या. कविता कुठेच लिहिलेली नाही.

आंघोळ करताना म्हणायला गेलो तर सुरुवात सुचेना. तिसऱ्या कडव्यापासून पुढे येते. मागचं नाही.

१३ नोव्हेंबर

पाठ असलेली कविता अशी जाते का, असं भावजयीला आडून विचारलं. ती पदराशी चाळा करत राहिली. म्हणाली, यांनाही शेवटी कविता आठवेना. मग शेजारी आठवेनात. मग मी. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

उद्या वायर काढून टाकतो.

१४ नोव्हेंबर

वायर माझ्या हातात आहे. पडदा चालू आहे.

त्याच्याच ठिपक्यांत — दादा, पुढचं सांग ना.

तिसरं म्हटलं. काय करू? त्याने विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं कधी झालंच नाही.

१५ नोव्हेंबर

चौथंही गेलं. मी गप्प बसलो होतो, तरी —

या वहीच्या पहिल्या पानावर सांजवाऱ्याला उद्देशून एक ओळ आहे. सुंदर आहे. अक्षर माझं. ओळ कुणाची?

तारीख विचारून घालेन

कुठे अडतोय ते कळावं म्हणून —

क — उठलो.

ख — एका बाईने चहा दिला. भाऊजी म्हणाली. रडत होती.

ग — टेबलाशी बसलो. तो विचारतोय. पाचवं आहे अजून. आहे. आधी इथे उतरवतो, मग त्याला —

घ — निजली पाखरे, निजल्या वाटा, आता तूही