पान उलटण्याची जागा

शनिवार, ४ जानेवारी. पहाटे ५.४०
आजपासून रोजनिशी. नवी वही, नवं पेन. वय एकाहत्तर, उत्साह चौथीतला.
नातीच्या कॉलेजची मुलं दर शनिवारी व्हॅन करून डोंगरापलीकडच्या गावात जातात, तिथल्या शाळेतल्या मुलांना वाचायला शिकवतात. आजपासून मीही. नात या गटाची प्रमुख, सगळे तिला कॅप्टन म्हणतात. ती म्हणाली, आबा, तिथे बसायला धड खुर्ची नाही, तू घरीच बरा. म्हटलं, पस्तीस वर्षं पोस्टात उभ्याने पत्ते वाचलेत. सूनबाई म्हणाली, ने गं त्यांना, नाहीतर दिवसभर घरात येरझाऱ्या घालतील. पाठिंबा म्हणूनच म्हणाली असावी.
व्हॅन सातला. बूट घालून बसलोय.

तोच दिवस. सायंकाळी ७
पद्धत समजली. प्रत्येक मूल चारपैकी एका पायरीवर: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद. कोण कुठे पोचलं त्याची रजिस्टरमध्ये खूण करायची. गावातली सगळी मुलं परिच्छेदाला पोचली की व्हॅन पुढच्या गावाला. व्हॅन एकच, आणि वाट बघत थांबलेली गावं सात.
मला अक्षर गट दिला. चौथीतली पाच मुलं, एकही अक्षर ओळखत नाहीत. जूनमध्ये ती पाच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जाणार. तिथे अक्षरं कोणी शिकवत नाही. वाचता येत असेल तर पुढे बसा, नसेल तर मागे, आणि मागे बसलेली हळूहळू शाळेतूनच गायब होतात, असं कॅप्टन म्हणाली. बाकीची मुलं मार्गी लागलीत. सगळं अडलंय या पाचांवर. म्हणजे काम योग्य माणसाच्या हातात आलं.
पाचातली एक मुलगी सारखं काहीतरी विचारते. तिचं नाव मी प्रश्नावली ठेवलं. पहिला प्रश्न: आजोबा, तुम्हाला सगळी पुस्तकं वाचता येतात? म्हटलं, सगळी.
अक्षरांची कार्डं मिळाली. छपाई फारच पुसट. हल्ली शाईतही काटकसर. पिशवीत ठेवून दिली.

रविवार, ५ जानेवारी. सकाळी ६
झोप लागेना. प्लॅन तयार.
सुटं अक्षर म्हणजे वाळकं पान. मूल वाचायला लागतं ते कवितेने. मी तसाच लागलो. माझं चौथीचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. मुखपृष्ठ केव्हाच गेलंय, पण वास तोच. 'सावली' ही कविता. आमचे गुरुजी टेबलावर डस्टरने ठेका धरत, खडूची धूळ उन्हाच्या तिरिपेत नाचे आणि आम्ही चाळीसजण एका सुरात:
ओढ्याकाठी उभी सावली,
पाणी पिऊन मोठी झाली;
ऊन कलता दूर चालली,
हाक मारली, नाही वळली.
इथे पान संपतं. गुरुजी अंगठ्याला थुंकी लावून पान उलटत, आणि तेवढ्या वेळात मी बाकाच्या टोकावर सरकून बसे. सावली परत येते की नाही? दर वेळी. उत्तर पाठ असूनसुद्धा.
संकल्प: १. महिन्यात पाचही मुलं परिच्छेदाला. २. रोज फिरणं. ३. कमी बोलणं.

बुधवार, ८ जानेवारी
फिरणं उद्यापासून.
सूनबाईने डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती, ती रद्द करवली. ती म्हणाली, बाबा, काल तुम्ही शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावून झटापट करत होतात, त्यांना वाटलं चोर. यात डोळ्यांचा काय संबंध? सोसायटीने सगळी दारं एकाच रंगाची केली आहेत. मोहीम संपली की बघू.
रविवारची नोंद वाचून पाहिली. अक्षरं लागली नाहीत, पण काय लिहिलंय ते माहीत असल्याने अडचण आली नाही.

शनिवार, ११ जानेवारी. सायंकाळी ६.३०
अपूर्व दिवस. खोली एकच, वर पत्रा, चार कोपऱ्यांत चार गट. माझा कोपरा खिडकीचा, मागून घेतला. पुस्तक हातात घेऊन 'सावली' वाचून दाखवली. मुलं माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. दुपारपर्यंत पाचहीजण सुरात. एका पोराने डस्टर आपटायला घेतलं, मी न सांगता. परंपरा रक्तातच असते.
पलीकडच्या कोपऱ्यातला कॉलेजचा चष्मेवाला येऊन म्हणाला, आजोबा, जरा हळू, माझ्या मुलांना शब्द ऐकू येत नाहीत. तरुणांना कवितेचं वावडं, दुसरं काय.
प्रश्नावलीने विचारलं, सावली पाणी पिते तर ओली का होत नाही? वेळ संपला होता.

मंगळवार, १४ जानेवारी. दुपारी ४
स्वस्थ बसवत नाही. शनिवार अजून चार दिवस लांब. दोनदा दप्तर भरलं, दोनदा रिकामं केलं. ही पद्धत साती गावांत न्यायला हवी. सत्कार झालाच तर नको म्हणायचं. फार आग्रह झाला तर दोन शब्द. दोन शब्दांचा मसुदा लिहायला घेतला, चौदा पानं झाली.
कमी बोलण्याचा संकल्प घरापुरता पाळतोय. सूनबाईला फरक जाणवला नाही.

शनिवार, १८ जानेवारी. सायंकाळी ७
झालं. महिन्याची मुदत, तिसऱ्याच शनिवारी फत्ते.
एकेकाच्या हातात पुस्तक दिलं आणि म्हटलं, वाच. काय ती ऐट. पुस्तक हातभर लांब धरून, मान वर करून, अस्खलित. प्रश्नावलीने तर 'नाही वळली'ला अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं. माझे डोळे भरून आले. बाकीच्यांनीही उलटलं, एकाच जागी, एकाच पद्धतीने. यालाच संस्कार म्हणतात.
रजिस्टरमध्ये पाच खुणा केल्या. चौकोन फार बारीक छापलेत, पण परिच्छेदाचा शेवटचा असतो, तो बोटाने चाचपून सापडतो.

रविवार, १९ जानेवारी
कॅप्टनने विचारलं, आबा, नक्की? तीन शनिवारांत अक्षरावरून परिच्छेद? माझ्या मुलांना शब्दाला यायला चार महिने लागले. म्हटलं, तुमच्याकडे कार्डं होती, माझ्याकडे कविता. तिने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, तू म्हणतोस तर खरंच असेल, आणि गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी.
खूप बरं वाटलं. का कोण जाणे, दुपारी झोप मात्र लागली नाही.

बुधवार, २२ जानेवारी
गटाची मीटिंग झाली. निर्णय: शनिवारी शेवटची तपासणी, एक फेब्रुवारीपासून व्हॅन नदीकाठच्या गावाला. माझ्या पाच खुणांमुळेच. कॅप्टनने तिकडच्या मुख्याध्यापकांना शब्दही दिला. निरोपाचं भाषण लिहायला बसलो. पेनाची शाई पातळ आहे. सूनबाईकडून जाड स्केचपेन घेतलं. ती म्हणाली, बाबा, अपॉइंटमेंट. म्हटलं, भाषण.

शनिवार, २५ जानेवारी. वेळ बघितली नाही
थोडक्यात लिहितो.
तपासणी कॅप्टनने स्वतः घेतली. प्रश्नावलीला एक छापील कार्ड दिलं, न पाहिलेलं. तिने ते हातभर लांब धरलं, मान वर केली आणि 'ओढ्याकाठी उभी सावली' सुरू केली. कार्डावर शेळीची गोष्ट होती. 'नाही वळली'ला अंगठ्याला थुंकी लावून तिने कार्ड उलटलं आणि मागची कोरी बाजूही तितक्याच अस्खलितपणे वाचली.
मग दुसरा. तिसरा. पाचही.
चष्मेवाला हसला, मग कॅप्टनकडे बघून चष्मा पुसायला लागला. कॅप्टन प्रश्नावलीला म्हणाली, बाळा, इथे बघून वाच ना. ती गोंधळली. म्हणाली, असंच तर वाचतात. आजोबा पण पुस्तक लांब धरतात आणि वर बघतात.
कॅप्टनने कार्ड माझ्या हातात दिलं. हळूच म्हणाली, आबा, तू वाच.
मी म्हटलं, छपाई पुसट आहे. खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतंय. कार्ड तसंच धरून उभा होतो. करडा ठिपका होता, मुंग्यांची रांग चिरडल्यासारखा. शेळी मला दिसली नाही.
व्हॅनमध्ये चढलो. मुलं टाटा करत होती. प्रश्नावलीने खिडकीशी येऊन विचारलं, पुढच्या शनिवारी येणार ना? भाषण खिशातच राहिलं.

रविवार, २६ जानेवारी
दोष पद्धतीचा नाही. कार्डांचा आहे. कवितेचं कार्ड दिलं असतं तर

सोमवार, २७ जानेवारी. सकाळी ६
कालची नोंद अर्धवट सोडली. पुढचं वाक्य सुचलं नाही.
कॅप्टन दोन दिवस माझ्याशी नीट बोललेली नाही. रागावली असती तर बरं होतं. फोनवर कोणाला तरी सांगत होती की नदीकाठच्या गावाने वर्ग झाडून ठेवलाय, आता नाही कसं म्हणू, आणि ही पाच तशीच राहिली तर जूनमध्ये संपलंच. चूक माझीच, असंही म्हणत होती. तिची चूक. खुणा मी केल्या आणि चूक तिची.
आज गटाची पुन्हा मीटिंग आहे. मी जातो.

तोच दिवस. दुपारी १
गेलो. चौदा पानांतलं एकही वापरलं नाही. म्हटलं, मला कार्डं दिसत नाहीत. पहिल्या दिवसापासून दिसत नव्हती. पुस्तकही दिसत नाही, ते पाठ आहे. मुलांना मी वाचायला नाही, वाचल्यासारखं करायला शिकवलं. खुणा खोडा.
मग चष्मेवाला म्हणाला, आजोबा, मी नदीकाठी मोटरसायकलने जातो दर शनिवारी, दोघं बसतील. व्हॅन या पाचांकडेच जाऊ दे. त्याच्याविषयी आधी जे लिहिलंय ते खोडायला हवं. सापडलं तर.
कॅप्टनने घरी येताना हात धरला. जिना उतरताना माझी पायरी चुकली होती, म्हणून असेल.

बुधवार, २९ जानेवारी
डॉक्टरकडे. आत जाण्याआधी बाहेर तासभर बसवलं. दार उघडंच होतं, माझ्या आधीच्या बाई भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या. माझी पाळी आली. पाचही ओळी खडाखडा म्हटल्या. डॉक्टर म्हणाले, काका, तक्ता मघाशीच बदलला.
सूनबाई तोंडावर पदर धरून बाहेर गेली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. पहिलं ऑपरेशन बारा तारखेला.

शनिवार, १ फेब्रुवारी. सायंकाळी ७
गेलो. कॅप्टन म्हणाली, आबा, कार्डं तूच घे, तुझा गट आहे.
पहिलं कार्ड काढलं. दिसेना. प्रश्नावलीला दिलं. तिला ओळखता येईना. मग म्हणाली, आजोबा, मी काढते. खडू घेतला आणि कार्डात बघत फळ्यावर चितारलं. म्हटलं, दिसत नाही, मोठं काढ. पुसलं, मोठं काढलं. अजून मोठं. दोन पोरं बाकावर चढली, एकाने वरचा भाग काढला, दुसऱ्याने खालचा. शेवटी अख्ख्या फळ्यावर एकच अक्षर. खडू संपला.
म्हटलं, स.
प्रश्नावली म्हणाली, सावलीतला?
हो, सावलीतला.
ती बराच वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, म्हणजे ती अशी असते होय.
दिवसभरात एवढंच झालं. रजिस्टर कॅप्टनने भरलं, मोठ्याने वाचून. अक्षर गट, खिडकीचा कोपरा. परिच्छेद: शून्य. वाक्य: शून्य. शब्द: शून्य. अक्षर: एक, जण सहा.
मी म्हटलं, मुलं पाचच आहेत.
ती म्हणाली, माहितीये.