नकटीचं नाक

दि. ३ मार्च

चि. नकटीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

सांगते मी, लिहिते तुझी आई. मधे आपलं शहाणपण घालायचं नाही, अशी तिला तंबी दिली आहे.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. वॉर्डात दिवसभर तो घट्ट मास्क लावून नाकावर जखम, गालांवर पुरळ. इथवर वाईट वाटलं. पण त्या एक्स-रेवाल्याने तुझा चेहरा अजून उघडा पाहिलेला नाही, म्हणून रविवारचा चहाच रद्द करतेस? तुझे आजोबा वेल्डर. मला पाहायला आले तेव्हा डोळ्यांभोवती गॉगलचे दोन वळ, अगदी घुबड! मी लगेच हो म्हटलं; माणूस कामाचा दिसत होता.

चहाला जायचं. तोवर नाकाला भरपूर तेल चोपड.

लोभ आहेच, तो वाढवायला जरा वेळ काढ.

तुझी आजी

दि. १२ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार, लिहिणारीलाही.

तेल चोपडून ड्यूटीवर गेले आणि मास्क घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली! कडेने हवा शिरत होती, म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी दारातूनच परत पाठवलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, तेल बंद. ड्यूटीच्या बऱ्याच आधी साधं क्रीम, नाकावर मऊ पट्टी, आणि मास्क नीट बसतो ना ते तपासायचं. माझं नाक बसकं, म्हणून मी मास्कची तार करकचून दाबत होते. जखम त्यानेच झाली.

रविवारी गेले, पट्टी-पुरळासकट. मास्क काढला. तो बघतच राहिला. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाला, नाक चांगलं धारदार असेल असं त्याला वाटलं होतं! पुरळ त्याला दिसलंच नाही. मी इतकी हसले की पट्टी सुटली. त्याचेही कान मास्कच्या दोऱ्यांनी मागून सोललेत. माझं क्रीम त्यालाच देऊन आले.

आशीर्वाद असू दे, तेल नको.

तुझी नकटी

दि. १८ मार्च

चि. नकटीस अनेक आशीर्वाद, थोडे त्या कान सोललेल्यालाही.

उरलेलं तेल डोक्याला लाव, वाया घालवू नकोस. एक्स-रेवालाच तो, वरवरचं त्याला दिसायचं नाही. पण त्याला म्हणावं, नाक माझ्याकडून आलंय; तक्रार मूळ मालकिणीकडे समक्ष येऊन करावी. दोघं या, तोंडं उघडी ठेवून. मला अक्षरं वाचता येत नाहीत, तोंडं येतात.

वाट बघायला लावू नका, एवढाच लोभ असावा.

तुझी आजी

ता. क. तंबी मोडून लिहिते आहे. पत्र सांगून झाल्यापासून सासूबाई आरशात नाक बघत बसल्या आहेत. – आई